नाना, बटणामागं काही नव्हतं

नाना,

आज सकाळी सव्वासहाला लाईट गेली. दूधकेंद्राच्या पहिल्या खिडकीपुढं कॅन घेऊन अकरा बायका होत्या, दुसरीपुढं नऊ. दहा मिनिटांनी लाईट आली. मी मशीनचा खटका वर केला आणि सवयीनं मागं दूध थंड ठेवायच्या टाकीकडं पाहिलं. तिथून तुम्ही ओरडायचात, "उठलं का गं?" मी म्हणायचे, "उठलं." तुम्हाला ऐकू जायचं नाही. "काय? मोठ्यानं बोल, पोरी, कंप्रेसर चालू हाय." मग मी नुसती मान हलवायचे. अडीच वर्षांत मी एकदाही मोठ्यानं बोलले नाही, आणि तुम्हीही सांगायचं सोडलं नाही.

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. टाकीशी तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तुमची पान्यांची पिशवी खिळ्यालाच आहे.

तुमच्यासाठी केंद्राच्या अंगणात शोकसभा झाली. चेअरमन साहेब बरं बोलले. नाना म्हणजे केंद्राचा कणा, दुष्काळात एक दिवस टाकी गरम होऊ दिली नाही, असं सगळं. मग म्हणाले, "यंत्राबाबत ती एक चूक सोडली, तर नानांच्या हातून कधी काही चुकलं नाही." लोकांनी माना हलवल्या. हौसाबाई मागं पिंपरणीच्या झाडाखाली उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि बसूनच राहिले.

त्या एका चुकीबद्दल मला तुम्हाला लिहायचं आहे. ती तुमची नव्हती, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. तुम्ही गेल्यावर ते फक्त मला ठाऊक उरलं होतं.

पण लगेच तिथं येत नाही. तुम्ही मला तेवढी सवड द्यायचात.

मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला मॅडम म्हणालात, आणि ते म्हणताना टाकीमागं जाऊन हसलात. मी पाहिलं. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, डिप्लोमा झालेली, कानात बारीक मोत्यांच्या कुड्या घातलेली मुलगी, पहाटे साडेपाचच्या गाडीनं उस्मानाबादहून येऊन बेंबळीच्या रस्त्यावर उतरते आणि दुधाच्या खिडकीत बसते, याचं हसू येणारच. पुण्याच्या कंपनीनं आपल्याला ते मशीन दिलं होतं आणि ते चालवायला मला ठेवलं होतं. गावातले लोक खिडकीतून मशीन बघायचे आणि मग मला बघायचे. दोघांपैकी कोण आधी बिघडेल, याचा अंदाज घेत असावेत.

पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाल्या, "एकोणसत्तर." तो त्यांचा सभासद क्रमांक होता. मी थिजले. आमच्या शाळेत सिक्स्टी नाइन असायचं. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन, हे मला त्या क्षणी कुणी मारलं असतं तरी सांगता आलं नसतं. रांग थांबली. मी मान वर केली तर टाकीमागून तुमचे हात दिसत होते. आधी सहा बोटं, मग नऊ. कानावर टेस्टर अडकवलेला, चेहरा एकदम गंभीर, जणू तुम्ही पाइप तपासताय. पुढं महिनाभर तुम्ही रोज बोटं दाखवलीत. कुणालाच कळलं नाही. एक दिवस तुम्ही नुसते हात मागं बांधून उभे राहिलात आणि मला "चौऱ्याहत्तर" आपोआप कळलं. तुम्ही तिथूनच म्हणालात, "पास झाली मॅडम."

मशीनची गोष्ट तर अशी होती. एका लांब वायरीवर सात यंत्रं जोडलेली. दोन खिडक्यांना दोन वजनकाटे, दोन फॅट मोजायची यंत्रं, चिठ्ठ्या छापणारी दोन, आणि टाकीतला थर्मामीटर. लाईट आली की मशीनला काहीच आठवायचं नाही. आपल्या वायरीवर कोण कोण आहे, तेसुद्धा नाही. मग ते एकापासून चौसष्टापर्यंत प्रत्येक जागेला हाक मारायचं, की तिथं कोण आहे? जे यंत्र असेल ते आपला क्रमांक सांगायचं. जिथं कुणीच नाही तिथं ते दोन सेकंद थांबायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा थांबायचं, तिसऱ्यांदा विचारायचं आणि मगच पुढच्या जागेकडं वळायचं. सात यंत्रं आणि सत्तावन्न रिकाम्या जागा. लाईट आल्यापासून पहिली चिठ्ठी निघेपर्यंत सात मिनिटं.

पुण्यात ही सात मिनिटं कुणाच्या लक्षात आली नसतील. आपल्याकडं त्या उन्हाळ्यात एका सकाळी चार-चार वेळा लाईट जायची. आठ वाजता ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. बायका कॅनवर ओलं फडकं टाकायच्या, पण फडकं ओलं करायला पाणी कुठं होतं? टँकर तिसऱ्या दिवशी. दोनदा असं झालं की रांगेत उभ्या उभ्या दूध फाटलं. एका म्हाताऱ्या बाईनं फाटलेल्या दुधाचा कॅन माझ्या खिडकीत आणून ठेवला. त्या दुधासाठी तिनं म्हशीला स्वतःच्या वाट्याचं पाणी पाजलं होतं, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत.

मी तुम्हाला मशीन काय करतं ते समजावलं, तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे हजेरी घेतंय."

"हजेरी?"

"बहात्तरला आमी खडी फोडायला व्हतो दुष्काळी कामावर. मी, ही हौसा, समदं गाव. मुकादम रोज सकाळी यादी वाचायचा. पार पहिल्यापासून. जे काम सोडून गेले त्यांची नावं, जे मेले त्यांची बी नावं. तीन-तीन डाव हाक मारायचा. आमी म्हणायचो, आरं बाबा, तो मेला. तो म्हणायचा, यादीत हाय. ऊन चढायचं आन् आमी हातोडा धरून हुबे."

"मग यादीच नीट करून ठेवायची ना," मी म्हणाले. "आहेत तेवढीच नावं. एकदा लिहून टाकायची. मग रोज विचारायला नको."

माझ्या डोक्यात हे आधीपासून होतं. मशीनमध्ये एक चिप होती, तिच्यावर लिहिलेलं लाईट गेली तरी जात नाही. सातही यंत्रांचे क्रमांक तिच्यावर कायमचे लिहायचे. लाईट आली की मशीन हाका न मारता ती यादी बघेल आणि कामाला लागेल. सात मिनिटांच्या जागी चाळीस सेकंद. कंपनीनं चिप लिहायची पेटी माझ्याजवळ ठेवलीच होती, कारण पुण्याहून सारखं इथं यायला त्यांना जमत नव्हतं. मी हे सांगत होते तेव्हा माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात.

"कायमचं?" तुम्ही विचारलंत.

"कायमचं. पुसायचं तर चिप काढून खास दिव्याखाली ठेवावी लागते."

"आन् एखादं यंत्र बदललं तर?"

"कशाला बदलेल?"

तुम्ही चहाची किटली उचललीत. बोलायच्या आधी तुम्ही नेहमी काहीतरी उचलायचात. "गावाला बी आमची वळख एकदाच कळली व्हती, पोरी. कवाची. छप्पनला आमच्या बापानं ती बदलली. घरातले देव नदीत सोडले, समदं बदललं. गावाच्या चिपीत मात्र जुनंच. अजून तेच वाचत्यात काही जण." मग हसलात. "लिव्ह की. बायांचे हाल बघवत न्हायत. पर एक कर. इचारणं बंद करू नको. कवातरी पुन्यांदा इचारायची सोय ठेव."

आपला वाद इथूनच सुरू झाला. मी म्हणायचे, एकदा कळलं की कळलं, पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे अविश्वास. तुम्ही म्हणायचात, न विचारता ठरवून टाकणं म्हणजे अविश्वास. आठ-दहा दिवस रोज चहाच्या वेळी हे चालायचं. हौसाबाई कॅन रिकामा करून तुमच्या किटलीतला चहा प्यायला थांबायच्या. बहात्तरला तुमच्या घागरीतलं पाणी प्यायलेल्या त्या तुमच्या वस्तीबाहेरच्या पहिल्या बाई, असं तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून चहासुद्धा तुमच्याच हातचा. त्या आपल्या दोघांकडं बघून म्हणायच्या, "नाना, ही पोरगी तुमच्या घरात सून म्हणून आली असती तर घराची शाळाच झाली असती." तुम्ही म्हणायचात, "आन् तू सासू असतीस तर शाळा बंद पडली असती." मी खाली मान घालून चहा प्यायचे. आतून मला इतकं बरं वाटत असायचं की मी कप लवकर संपवायचे नाही.

शेवटी ठरलं. यादी चिपवर लिहायची, पण मशीनला एक बटण ठेवायचं. सुरू करताना ते बटण पाच म्हणेपर्यंत दाबून धरलं, की मशीननं यादी बाजूला ठेवून पुन्हा सगळ्यांना विचारायचं. एखादं यंत्र बदललं तर नवीन चिप लिहीपर्यंत दर वेळी तसं सुरू करायचं. हे विचारणं महत्त्वाचं होतं, कारण प्रत्येक फॅटयंत्राचा आपला एक कल असतो. एखादं जरा चढं दाखवतं, एखादं जरा उतरतं. कंपनीनं आसपासच्या केंद्रांतल्या यंत्रांचाही तो कल मोजून प्रत्येकाच्या क्रमांकापुढं लिहून दिला होता, आणि मशीन क्रमांक बघून आकडा दुरुस्त करायचं. क्रमांक चुकला की दुरुस्तीही चुकणार.

बटण तुम्ही बसवलंत. मशीनच्या पेटीला हातड्रिलनं भोक पाडलं, कडा कानशीनं घासली. जुन्या रेडिओतलं लाल बटण होतं ते. खाली रंगानं पाच ठिपके काढलेत, म्हणजे पाच म्हणायचं हे कुणालाही कळावं. वायर आत आणून माझ्या हातात दिलीत. "आता पुढचं तुझं."

पुढचं माझं होतं, नाना.

तीन आठवडे मी वहीत मशीनच्या प्रोग्रामचे आकडे लिहीत होते. यादीचा भाग झाला. तो पहिल्यांदा चालला तेव्हा मशीन चाळीस सेकंदांत उठलं आणि रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्यासाठी होत्या. मला ते सहन होत नव्हतं आणि हवंही होतं. बटणाचा भाग राहिला होता. तो अवघड नव्हता, दोन दिवसांचं काम. पण चुलतबहिणीचं लग्न आलं, मला आठ दिवस सोलापूरला जायचं होतं, आणि टाळ्यांनंतर मला वाटायला लागलं होतं की बटणाची गरज पडणारच नाही. मी तशीच चिप बसवली. जाताना तुम्ही विचारलंत, "समदं झालं का?"

मी म्हणाले, "झालं."

एवढा एक शब्द मी तेव्हा स्पष्ट बोलले असणार, कारण तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

दुसऱ्या खिडकीचं फॅटयंत्र मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलं. तुम्ही येडशीकडच्या केंद्रात जाऊन त्यांचं जास्तीचं यंत्र मागून आणलंत, एसटीत मांडीवर घेऊन, टॉवेलात गुंडाळून. त्याच जागी जोडलंत. मग मशीन बंद केलंत, सुरू केलंत, आणि बटण दाबलंत. पाच म्हणेपर्यंत.

बटणामागं काही नव्हतं. वायर आत येऊन नुसती लोंबत होती.

मशीननं जुनीच यादी वाचली आणि नव्या यंत्राला जुन्याची दुरुस्ती लावली. दुसऱ्या खिडकीतलं सगळं दूध पातळ दिसायला लागलं. बहुतेकांचा आकडा थोडा उतरला, त्यांनी चाऱ्याला दोष दिला. हौसाबाईंची म्हैस नुकती व्यालेली, तिच्या दुधाचा आकडा आधीच काठावर होता. तो दोन दिवस काठाच्या खाली गेला. चिठ्ठीवर छापून आलं, नापास. दोन्ही दिवस त्यांचं दूध परत गेलं. परत का जातं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. दुधात पाणी.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हौसाबाईच्या हिरीला पाणी लागलं वाटतं."

हौसाबाई वळून म्हणाल्या, "प्यायला तांब्याभर मिळंना, दुधात घालायला कुठनं आणू रं?" आणि मग, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं, त्या भर रांगेत रडल्या. बहात्तरला खडी फोडताना न रडलेली बाई.

आठव्या दिवशी मी आले. मशीन उघडायचीही गरज नव्हती. तुम्ही यंत्र बदलल्याचं सांगितलंत तेव्हाच मला कळलं. तुम्ही मला टाकीमागं बोलावलंत.

"बटण म्या दाबलं व्हतं, पोरी. दर वेळी. लाईट आली की दर वेळी, पाच म्हणूस्तर. चाळीस शेकंदांत उठायचं. मला वाटलं, तू हुशार, इचारणं बी झटपट करायला शिकवलंस त्याला."

तुम्ही माझ्याकडं पाहत राहिलात. कंप्रेसर चालू होता. मला अजून वाटतं, तो बंद असता तर मी बोलले असते. पण हे खोटं आहे, आणि तुमच्याशी खोटं बोलायची वेळ आता गेली.

तुम्हाला कळलं. तुमच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटताना मी पाहिलं. आधी आश्चर्य, मग थोडा राग, तोसुद्धा क्षणभर. मग तुम्ही माझ्या खांद्याला हात लावलात, विजेची वायर तपासताना लावायचात तसा, उलट्या हातानं, अगदी हलका.

दुपारी चेअरमन साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. हौसाबाई होत्या, रांगेतल्या बायका होत्या. मी खरं काय झालं ते अर्धं सांगितलं. यंत्र बदललं, मशीनला ते कळलं नाही, हौसाबाईंच्या दुधात काही खोट नव्हती. साहेब म्हणाले, "मशीनला सांगायचं बटण आहे ना? मग कुणाचं चुकलं?"

मला वाटलं, आता मशीन परत जाईल, मला परत पाठवतील, घरी सगळे म्हणतील, सांगितलं होतं, हे बाईचं काम नाही. हा सगळा विचार मी एका श्वासात केला, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "यंत्र म्या बदललं, साहेब. बटण दाबायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. ते मला सगळ्यात जास्त टोचलं, नाना. इतकी वर्षं टाकी थंड ठेवणारा माणूस, एकाही माणसानं विचारलं नाही की नाना, खरंच? मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "यांच्या हातात द्यायचंच कशाला असलं." 'यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते तिथं सगळ्यांना कळलं. तुम्हालाही कळलं. तुम्ही खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केलात. तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्या एका शब्दानंतर तरी.

हौसाबाईंचं नाव साफ झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅन रिकामा केला, चिठ्ठी घेतली आणि गेल्या. किटली तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीही. तुम्ही रोज दोन कप मांडायचात, माझा आणि तुमचा, आणि तिसरा उपडा ठेवायचात. उन्हाळा गेला, पाऊस थोडा पडला, पण तो कप उपडाच.

तुम्ही मला फक्त एवढंच म्हणालात, अंगण रिकामं झाल्यावर: "आता लिव्ह त्या बटणामागचं."

मी लिहिलं. दोन दिवसांत झालं. बटण चालतं. तुम्ही स्वतः दाबून पाहिलंत, पाच म्हणालात, आणि मशीन सात मिनिटं सगळ्यांना हाका मारत राहिलं तेव्हा खुर्ची घेऊन समोर बसलात, एखाद्याचं गाणं ऐकावं तसे. त्यानंतर आपण पुन्हा सगळ्यावर वाद घातला. मुलींनी सायकल चालवावी की नाही, वरणात गूळ घालावा की नाही, मशीनला एक दिवस बोलता येईल की नाही. या एका गोष्टीवर कधीच नाही. मी रोज ठरवायचे, आज हौसाबाईंना सांगायचं. मग रोज मान खाली घालून चिठ्ठी द्यायचे. मला वाटायचं, वेळ आहे. तुम्हाला काही होईल असं कधी मनातच आलं नाही. तुम्ही माझ्या यादीत कायमचे होतात.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरी आले होते. दारात बायका बसल्या होत्या. हौसाबाई लांबून आल्या, कुंपणाच्या काट्यांपाशी थांबल्या, पदराचं टोक दातात धरलं, आणि आत न येता परत गेल्या. मी त्यांना हाक मारली. माझी हाक तिथवर पोचली नाही.

शोकसभेनंतर मी त्यांच्या घरी गेले. त्या म्हशीपुढं कडबा मोडून टाकत होत्या. त्यांनी मला बसायला पोतं दिलं. मी उभीच राहिले आणि सांगून टाकलं. बहुतेक पुटपुटले असेन.

"काय? ऐकू येत न्हाय. मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोलले, नाना. म्हैस दचकली. मी म्हणाले, चूक माझी होती. बटण मी लिहिलंच नव्हतं. नानांनी ते दर वेळी दाबलं होतं.

त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "दर वेळी?"

"दर वेळी. मी परत येईपर्यंत. पाच म्हणेपर्यंत."

"आन् त्यो बोलला, ध्यानात ऱ्हायलं न्हाय म्हणून."

"हो."

हौसाबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटत होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "एवढा ध्यान देणारा माणूस, त्यानं माझ्यायेळेलाच कसं इसरावं. तेवढंच लागलं व्हतं मला. पाण्याचं न्हाय." मग पेंढी खाली टाकली. "आन् म्या त्याच्या हातचा च्या सोडला."

मी म्हणाले, मला माफ करा.

"मला काय सांगतीस? त्याला सांग." मी निघाले तेव्हा मागून म्हणाल्या, "आन् समद्यांना ऐकू जाईल असं सांग. उगं तोंडातल्या तोंडात नको."

म्हणून हे लिहून मी पेपरात छापायला देते आहे. चेअरमन साहेब वाचतील. अंगणात मागून बोलला तोही वाचेल. मशीन राहील की जाईल, मी राहीन की जाईन, ते ठरवतील. मशीन चालवणारी मी एकटीच आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आज सकाळचं सांगायचं राहिलं. लाईट आली आणि मी टाकीकडं पाहिलं, ते सांगितलंच. मग का कुणास ठाऊक, मी बटण दाबलं. गरज नव्हती, यंत्रं सगळी तीच होती. पाच म्हणेपर्यंत धरून ठेवलं. मशीननं हाका मारायला सुरुवात केली. एक. दोन. जिथं कुणी नाही तिथं तीन वेळा.

रांगेत कुरबूर झाली. एक बाई म्हणाली, "आज लई येळ लावतंय. बिघडलं का काय?"

हौसाबाई पहिल्या होत्या. त्यांनी कॅन खाली ठेवला, खिडकीला टेकल्या, आणि टाकीकडं बघत म्हणाल्या, "थांब की गं जरा. इचारू दे त्याला."